जांभळ्या रानाची तारीख

फोटो मीच पाठवला होता. जांभळ्या ओळी, ओळींच्या टोकाला एकच दगडी खोपट, वर निळंशार आभाळ. फॅमिली ग्रुपवर मावशीने तीन हार्ट टाकले, मामेभावाने ‘वॉलपेपर!’ एवढंच लिहिलं. आईने काहीच लिहिलं नाही. रात्री तिचा फोन आला.

“हे कापायला माणसं कुठली येतात गं?”

मी ल्योंला राहते, नोकरीनिमित्त, चार वर्षं झाली. आई माण तालुक्यातल्या आमच्या गावी. बाबा गेल्यापासून रान तीच बघते, त्यामुळे ‘ये ना इकडे’ला तिचं उत्तर दरवर्षी एकच असतं: रानाकडं कोण बघणार? यंदा कशीबशी तयार झाली. आयफेल टॉवर तिला नको होता. (“लोखंड बघायला एवढ्या लांब?”) फुलांच्या शेताला ती नाही म्हणणार नाही, असा माझा हिशोब. ल्योंहून अविन्योंपर्यंत रेल्वे, तिथून भाड्याची गाडी, आणि दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हाँसची ती जगप्रसिद्ध जांभळी शेतं. मी मोबाईलच्या नकाशावर पिनासुद्धा टाकून ठेवल्या होत्या.

हिशोब तारखेवर अडला. तुम्ही रील्समध्ये बघता ती बहुतेक शेतं वालाँसोल नावाच्या पठारावरची. तिथे बहर असतो जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत. त्यानंतर यंत्रं शेतात उतरतात आणि पाहता पाहता जांभळ्याचं करडं होतं. आणि जून-जुलै म्हणजे आमच्याकडे पेरणी. पाऊस कधी लागेल याचा माणमध्ये भरवसा नाही, आणि लागला की वाफसा धरून बाजरी, मूग, मटकी टाकायला दोन-चार दिवसच हातात असतात. मग खुरपणी. आई म्हणाली, जुलैच्या शेवटी येते आणि ऑगस्टच्या मध्याला परत. पुढे मूग तोडायला यायचा. तिकीट तिच्या मुगाने ठरवलं, लॅव्हेंडरने नाही.

मी वैतागले, खरं सांगते. कास पठाराची फुलं बघायला आठवडा चुकला तर पुढच्या वर्षी जाता येतं. आईचं तसं नाही. मग मी उशिरा फुलणारं लॅव्हेंडर शोधायला लागले, आणि त्या शोधात असा इतिहास हाती लागला की मूळचा प्लॅनच उलटापालटा झाला.

पहिली गोष्ट कळली ती अशी की मी ग्रुपवर टाकलेला फोटो लॅव्हेंडरचा नव्हताच.

वालाँसोलच्या पठारावर जे पसरलेलं आहे ते प्रामुख्याने लॅव्हंडिन. खरं लॅव्हेंडर डोंगरावरचं झाड, साधारण ८०० मीटरच्या वरचं. बुटकं, एका दांड्यावर एकच तुरा. त्याचा एक भाऊबंद खालच्या उष्ण उतारांवर वाढतो, रुंद पानांचा, कापरासारख्या उग्र वासाचा. दोघांच्या हद्दी जिथे भिडतात तिथे मधमाश्या इकडचे पराग तिकडे नेतात आणि संकर तयार होतो. तो संकर म्हणजे लॅव्हंडिन. खेचरासारखाच दणकट आणि खेचरासारखाच वांझ. बी धरत नाही, फांदी लावूनच वाढवावा लागतो. त्यामुळे एका शेतातली सगळी झुडपं एकमेकांची हुबेहूब नक्कल असतात, एकाच उंचीची, एकाच दिवशी फुलणारी. फोटोत जी शिस्त दिसते ती इथून येते. डोंगरावरचं बियाण्यापासून वाढवलेलं लॅव्हेंडर असं कवायतीत उभं राहत नाही. एखादं झुडूप फिकं, एखादं गडद, एखादं चक्क गुलाबीकडे झुकलेलं.

माणसाने हा संकर मुद्दाम लावायला सुरुवात केली ती विसाव्या शतकात, पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात. म्हणजे ज्या दृश्याला आपण ‘प्रोव्हाँसचं सनातन सौंदर्य’ वगैरे म्हणतो, ते जेमतेम शंभर वर्षांचं आहे. सेनांकच्या मठाचा फोटो तुम्ही पाहिला असेल, दगडी भिंती आणि पुढ्यात जांभळे पट्टे. मठाची स्थापना ११४८ची. पुढ्यातलं पीक मात्र लॅव्हंडिन. ज्या साधूंनी ते दगड रचले, त्यांनी दारात हे दृश्य कधी पाहिलं नाही.

मग त्याआधी काय होतं? इथे आईचा प्रश्न कामाला आला. कापायला माणसं कुठली येतात, हे शोधताना आधी हे कळलं की माणसं तिथून निघून चालली होती.

प्रोव्हाँसच्या वरच्या, डोंगराळ भागाला तेव्हा ‘बास-आल्प’ म्हणत, म्हणजे खालचे आल्प्स. चुनखडीचे डोंगर, पातळ माती, उन्हाळ्यात पाण्याची बोंब. गहू, मेंढ्या, थोडे बदाम, यावर माणसं जगत. १८४६ साली या जिल्ह्याची लोकसंख्या दीड लाखाच्या वर होती. १९३६मध्ये ती ८५,०००च्या आसपास उरली. जवळजवळ निम्मा जिल्हा रिकामा झाला. कोणी मार्सेयला गेलं, कोणी ल्योंला. एका खोऱ्यातली माणसं तर थेट मेक्सिकोला गेली. बार्सेलोनेत हे त्या खोऱ्यातलं गाव. तिथले काही जण १८२०च्या दशकात समुद्रापार गेले, कापडाची दुकानं काढली, मग भाऊ, पुतणे, गाववाले असं एकामागून एक बोलावून घेतलं. मेक्सिको सिटीतली मोठाली कापडदुकानं या डोंगरातल्या पोरांची होती. पैसे कमावून परतलेल्यांनी गावात बांधलेले टोलेजंग बंगले आजही उभे आहेत.

हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसले. आमच्या माण-खटाव, आटपाडी, खानापूर पट्ट्याची ही गोष्ट कोणाला वेगळी सांगायला नको. सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात आमच्याकडची माणसं देशभर पांगली, एकाने दुकान टाकलं की पुतण्याला बोलावलं. माझे आजोबा मुंबईला गिरणीत गेले. गावात मागे राहिल्या बायका, म्हातारी माणसं आणि पडीक रानं.

तिकडेही रानं पडीक पडली. आणि पडीक रानात लॅव्हेंडर आलं.

कोणी लावलं नाही. नांगर थांबला, मेंढ्या कमी झाल्या, आणि डोंगरउतारावरचं रानटी झुडूप सोडून दिलेल्या शेतांत खाली सरकलं. ज्याँ जिओनो हा फ्रेंच लेखक वालाँसोलच्या शेजारच्या मानोस्कचा. झाडं लावणाऱ्या एका धनगराची त्याची गोष्ट जगभर वाचली गेली, तुमच्यापैकी काहींनी तिच्यावरची अॅनिमेशन फिल्म पाहिली असेल. ती सुरू होते १९१३च्या सुमारास, ओसाड गावांच्या मुलखात, आणि त्या मुलखात उगवतं काय तर फक्त रानटी लॅव्हेंडर. आज ज्या फुलासाठी लोक तिकिटं काढतात ते जिओनोच्या पानावर ओसाडीची खूण म्हणून येतं. आपल्याकडे पडक्या वाड्यात रुई माजते तसं.

नेमक्या त्याच सुमारास खाली समुद्राजवळच्या ग्रास शहराला हे झुडूप हवं झालं. ग्रास मुळात चांभारांचं गाव. तिथे चामडं कमावत, हातमोजे शिवत, आणि कमावलेल्या चामड्याचा वास मारायला त्यांना सुगंध चोळत. पुढे हातमोजे मागे पडले आणि अत्तरं पुढे आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे अत्तरांचे कारखाने झाले होते, आणि कारखान्यांना तेल लागतं. दलाल डोंगरात पोहोचले.

मग तोडायला कोण? घरात उरलेलं माणूस. बायका, पोरं, मेंढपाळ. जुलै-ऑगस्टच्या उन्हात हातात विळा, खांद्यावरून बांधलेली फडक्याची झोळी. वाकायचं, डाव्या हाताने तुऱ्यांची मूठ धरायची, उजव्याने कापायची, झोळीत टाकायची. झोळी भरली की मोठ्या फडक्यावर ओतायची, चार टोकं बांधून गाठोडं गाढवावर. पैसे वजनावर. त्या भागातल्या घराला वर्षभर रोख रक्कम अशी दिसतच नसे, ती या काही आठवड्यांत दिसायची. पुढे लागवड वाढली तशा इटली आणि स्पेनमधून तोडणीच्या टोळ्या येऊ लागल्या. टोळी हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. आईला तो समजावून सांगावा लागला नाही.

तोडलेला माल डोंगर उतरून कारखान्यापर्यंत नेणं परवडत नाही. म्हणून भट्टीच डोंगरावर न्यायची. तांब्याचं मोठं भांडं, झाकण, त्यातून निघालेली नळी, नळीची वेटोळी थंड पाण्याच्या पिंपात. झऱ्याशेजारी मांडायचं, खाली जाळ घालायचा. भांड्यात फुलं आणि पाणी. वाफ नळीतून जाते, थंड होते, थेंब थेंब पडते, तेल वर तरंगतं. आधी गाळून झालेल्या फुलांच्या काड्या वाळवून पुढच्या जाळाला. मी हे फोनवर वर्णन करत होते तर आई हसायलाच लागली. “अगं, ही तर हातभट्टी!” तत्त्व तेच, नाकारून चालणार नाही.

वसंतात मी एकटीच जाऊन कुस्तले गावातलं लॅव्हेंडरचं संग्रहालय बघून आले, आईला चालायला किती लागेल याचा अंदाज घ्यायला. तिथे ही तांब्याची भांडी ओळीने ठेवली आहेत, चकचकीत पुसलेली. काही तर माणसाएवढी. एका कोपऱ्यात विळे. मी विळ्यांचे फोटो काढले. बाजूची जोडपी साबणांचे काढत होती.

रानटी तोडीवरून लागवडीवर, आणि लॅव्हेंडरवरून लॅव्हंडिनवर गाडी कशी गेली, हे समजायला दोन आकडे पुरे. एक किलो तेलाला खऱ्या लॅव्हेंडरची फुलं लागतात साधारण १३० किलो. लॅव्हंडिनची, ४० किलोच्या आसपास. शिवाय लॅव्हंडिन खालच्या सपाट पठारावर जोमात येतं आणि सपाटीवर यंत्र चालतं. १९५०च्या दशकात तोडणीची यंत्रं आली आणि विळा संपला. टोळ्याही संपल्या. वालाँसोलच्या लांबच लांब सरळ ओळी कोणा चित्रकारासाठी आखलेल्या नाहीत, त्या ट्रॅक्टरच्या चाकांच्या मापाने आखल्या आहेत.

लॅव्हंडिनच्या तेलाला खऱ्या लॅव्हेंडरची नजाकत नाही. ते अत्तरात कमी आणि साबणात, कपडे धुवायच्या पावडरीत, फरशी पुसायच्या द्रावणात जास्त जातं. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या नाकात ‘लॅव्हेंडर’ म्हणून जो वास बसलाय तो एक तर या संकराचा, नाहीतर सरळ प्रयोगशाळेतला.

सगळी झुडपं एकमेकांची नक्कल असण्याची किंमतही पुढे मोजावी लागली. आब्रियाल नावाचा वाण सगळीकडे लावला गेला होता. १९७०च्या दशकात तो पिवळा पडून मरायला लागला. तुडतुड्यासारखा एक किडा झाडाचा रस शोषतो आणि एका झाडाचा रोग दुसऱ्यात सोडतो. एक झुडूप बळी पडलं की शेजारचं वेगळं थोडंच असतं? त्या पडझडीत पिएर ग्रोसो नावाच्या शेतकऱ्याला काही तगलेली झुडपं सापडली. त्यांच्या फांद्या लावल्या गेल्या, आणि आज फ्रान्समधलं बहुतांश लॅव्हंडिन ‘ग्रोसो’ आहे. म्हणजे पुन्हा एकच वाण, पुन्हा सगळ्या नकला. आईला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की आपल्याकडची जुनी बाजरी पण आता कुठं राहिलीये.

रोग तर आहेच, आता भावही आहे. खऱ्या लॅव्हेंडरच्या तेलात बल्गेरियाने फ्रान्सला मागे टाकलं. मधल्या काळात भाव चढला तशी सगळ्यांनी लागवड वाढवली, मग माल जास्त झाला, भाव कोसळला, आणि गेल्या काही वर्षांत शेतकऱ्यांनी झुडपं उपटून टाकली. कांद्याची गोष्ट जांभळ्या रंगात सांगितली तर अशीच होईल. भारतातही, जम्मूतल्या भद्रवाहमध्ये, मक्याच्या शेतात आता लॅव्हेंडर लावतात, त्याला ‘जांभळी क्रांती’ म्हणतात. आईने तिथला भाव विचारला. सवय.

एक छोटी गोष्ट मला फार आवडली. १९७०मध्ये बास-आल्प जिल्ह्याने आपलं नावच बदललं. ‘बास’ म्हणजे खालचा, हलका. नवं नाव घेतलं आल्प-द-ओत-प्रोव्हाँस, ‘ओत’ म्हणजे उंच. डोंगर तेवढेच राहिले, पाटी बदलली. पर्यटक येऊ लागले होते. निम्मी माणसं गेल्यावर का होईना, मुलखाला कोणीतरी बघायला येत होतं. पुढे एका चिनी टीव्ही मालिकेचं चित्रीकरण प्रोव्हाँसमध्ये झालं आणि चिनी जोडपी लग्नाचे फोटो काढायला या शेतांत येऊ लागली. आता बहराच्या दिवसांत वालाँसोलच्या रस्त्यांवर गाड्यांची रांग लागते. शेतकऱ्यांना पाट्या लावाव्या लागतात, की ओळींत घुसा पण फुलं तोडू नका. काहींना ओळींत घुसलेलंही नको असतं, आणि मला ते पटतं. पेरलेल्या वाफ्यातून कोणी फोटो काढत फिरलं असतं तर आईने काय केलं असतं ते मी इथे लिहीत नाही.

तर, तारीख. वर डोंगराकडे गेलं की हंगाम मागे सरकतो. व्हाँतू नावाच्या उघड्याबोडक्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे, त्याच्या स्पेलिंगमध्ये अक्षरं पाच आणि उच्चार नुसता ‘सो’. साडेसातशे मीटरवर, आजूबाजूची रानं त्याहून उंच. तिथे बहर जुलैभर टिकतो, ऑगस्टच्या सुरुवातीलाही काही पट्टे उभे असतात. तिथे लॅव्हंडिन आहे तसं खरं लॅव्हेंडरही आहे. आईच्या मुगाने मला पठारावरून उचलून या डोंगरात आणून ठेवलं होतं, जिथून ही सगळी गोष्ट सुरू झाली.

आणि सो गावात १५ ऑगस्टला लॅव्हेंडरची जत्रा भरते. फ्रान्समध्ये त्या दिवशी मेरीच्या स्वर्गारोहणाची सुट्टी असते. जत्रेत एक स्पर्धा असते, विळ्याने लॅव्हेंडर कापायची.

अडचण अशी की १५ ऑगस्टपर्यंत बहुतेक रानं कापून झालेली असतात. जांभळं बघायचं तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जायला हवं, आणि स्पर्धा बघायची तर काड्या बघायच्या तयारीने. दोन्हीला सुट्टी पुरत नव्हती. दोन पर्याय मी आईला सांगितले. आधी फुलांचे फोटो पाठवले. ती म्हणाली, “तुळशीच्या मंजिरीवाणी दिसतंय.” (बरोबरच आहे, दोन्ही एकाच कुळातली.) मग स्पर्धेचं सांगितलं.

“म्हंजे बक्षीस देतात? विळ्यानं कापायला?”

“हो.”

“का? यंत्र हाय म्हणतीस ना?”

यंत्र आहे म्हणूनच बक्षीस देतात, असं मी म्हणाले. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. मागे कोणीतरी भांडी घासत होतं. बाजरीची कणसं विळ्याने उतरवण्यात तिची पस्तीस-चाळीस वर्षं गेली आहेत, उजव्या हाताच्या तर्जनीवर त्याची खूण आहे, आणि त्या कामासाठी तिला कधी कोणी टाळी वाजवली असेल असं मला वाटत नाही. तिला वाईट वाटलं की मजा वाटली, हे फोनवरून मला कळेना.

“पंधराला जाऊ,” ती म्हणाली. “फुलं काय, फोटोत बघितली की.”

१४ आणि १५ ऑगस्टची खोली घेतली आहे. सो गावात नाही मिळाली, जवळच्या खेड्यात. १६ला परत ल्यों, १७ला तिचं विमान. काल मी तिला संग्रहालयातल्या विळ्यांचे फोटो पाठवले. आज सकाळी तिचा रिप्लाय आला. ओट्यावर पोतं अंथरून त्यावर आमच्या घरातला विळा ठेवून काढलेला फोटो, थोडा हललेला, आणि खाली व्हॉइस नोट: “तुझ्या फोटूत धार कुठल्या अंगाला हाय ते दिसंना. परत काढून पाठव.”